उतरलेला काटा

बेलदंड घाटाच्या माथ्यावर दोनशे माणूस भर उन्हात उभं होतं आणि सगळ्यांचे डोळे एका पिकअपच्या काचेआडच्या बोटभर काट्यावर खिळले होते. गाडी नुकतीच घाट चढून आली होती. बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती, रस्त्यावर उकळतं पाणी सांडत होतं आणि डॅशबोर्डावरचा तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला होता. थंडी माय या देवीच्या मंदिरात शंख वाजला. शीतलनाथ महाराज सावकाश आले, ओल्या फडक्यानं बॉनेट पुसलं, त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"बेटा, इंजन लोखंड नसते, जीव असते," ते म्हणाले. "जीवाले ताप येते. कंपनीवाला म्हणते पार्ट बदला, पैसा लावा. माय म्हणते, दोन घडी माह्यापाशी बस."

इंजिन बंद, पण किल्ली चालू, असा महाराजांचा नेम होता. किल्ली चालू असली तरच काटा दिसतो ना! आरती सुरू झाली. चांगली पाऊण तासाची आरती, घंटा बडवून बडवून. अर्ध्यात काटा थरथरला, लाल पट्टी सोडून खाली सरकला आणि शेवटी पार तळाला जाऊन बसला. "उतरला, उतरला," म्हणत लोक पाया पडू लागले. थंडी मायनं गाडीचा ताप उतरवला होता. ड्रायव्हरनं नारळ फोडला आणि गाडी उताराला लावली.

मीही त्या गर्दीत होतो. मी लटारू, एटापल्लीत अठ्ठावीस वर्षं डिझेल गाड्यांचं मिस्त्रीकाम करतो. काटा का उतरला हे मला तिथंच कळलं होतं. मी मनातल्या मनात हसलो आणि घरी येऊन जेवलो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

पूर्वी या माथ्यावर मंदिर नव्हतं, दगडांची एक रास होती. घाट चढून येणारा वाटसरू हिरवी डहाळी तोडून तिच्यावर टाकायचा आणि पुढे चालू लागायचा. ना पुजारी, ना थांबा. जंगलातल्या लोकांचा तो जुना साधा रिवाज, त्यानं कुणाचं वाईट झालेलं मी ऐकलं नाही. तीन वर्षांपूर्वी शीतलनाथ आले, राशीवर शेंदूर चढला आणि डहाळीच्या जागी विकतची ओटी आली. ओटी म्हणजे जाड हिरवं कापड, त्यात पाच नारळ. ती गाडीच्या तोंडावर, रेडिएटरला वारा देणाऱ्या समोरच्या जाळीवर, आवळून बांधायची आणि सव्वा महिना सोडायची नाही. रेडिएटरमधलं कंपनीचं हिरवं पाणी, म्हणजे कूलंट, हे इख, म्हणजे विष आहे, ते काढून टाकायचं आणि त्यात मंदिराच्या बोअरचं तीर्थ भरायचं. मायनं एकदा ताप उतरवला की वरून पाणी टाकायचं नाही, तो तिचा अपमान. घाटाखालच्या दोन्ही अंगांच्या गावांतली एकही पिकअप ओटीवाचून दिसेना.

माझं गिऱ्हाईक असलेल्या अंकुशची पिकअपही त्यातलीच. तेंदूपत्त्याच्या हंगामात पानांचे बोद, म्हणजे मोठी पोती, भरभरून वाहता यावेत म्हणून ती मीच वाढवून दिली होती. मागे स्प्रिंगचे दोन जादा पाटे टाकले, पुढे लोखंडी जाळी ठोकली आणि डिझेलचा पंप वाढवला. पंप वाढवला की इंजिनात डिझेल जास्त जातं, ओढ वाढते आणि त्याच मापानं उष्णताही वाढते. रेडिएटर मात्र कंपनीनं दिला तेवढाच राहतो. म्हणून अशा गाडीला कूलंट आणि वारा दोन्ही जास्त लागतात. हे मी अंकुशला सांगितलं होतं. महिन्यानं तो ऑइल बदलायला आला तेव्हा जाळीवर ओटी होती. मी पाहिली. पण माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं महाराजांची भक्त, कशाला वाईटपणा घ्या, असं म्हणून मी ऑइल बदललं आणि त्याला वाटेला लावलं.

मे महिन्यात अंकुशची बायको प्रिया बाळंतपणाला टेकली होती. दिवस पुरे भरले नव्हते तोच सकाळी अंगावरून रक्त जाऊ लागलं. नर्सबाईंनी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली, यायला चार तास लागणार होते. अंकुशनं पिकअपमध्ये गादी टाकली. प्रिया आणि तिची आई सुकरीबाई मागे बसल्या आणि गाडी निघाली.

घाटाच्या पाचव्या वळणावर काटा लाल झाला. माथ्यावर गाडी उकळून उभी राहिली, बरोबर मंदिरासमोर. लोकांना यातही चमत्कार वाटायचा, सगळ्या गाड्या मायच्या दारातच कशा थांबतात म्हणून. तोंड बांधलेली गाडी आठ किलोमीटर चढ चढून आली की तिचा दम माथ्यावरच संपणार, दुसरीकडे कुठे? सुकरीबाईंनी हात जोडले, पोरगी रक्तात आहे, आरती नको, नुसतं पाणी टाकू द्या. महाराजांच्या माणसांनी पाण्याचा डबा उचलून बाजूला ठेवला. आरती सुरू झाली. अर्ध्यातच काटा तळाला आला आणि सुकरीबाईंनी जावयाचा दंड धरून त्याला गाडीत बसवलं. आरती अर्धी राहिली.

उतारावर गाडी गप्प उतरली. उतार संपला की नाल्यापुढे दुसरा चढ आहे. त्या चढावर काटा तळालाच होता. अंकुश त्याच्याकडे पाहत हायसं वाटून गाडी दामटत होता, आणि एकाएकी इंजिन करकरलं आणि जाम झालं. फोनला रेंज नव्हती. अडीच तास त्या रस्त्यानं कुणी आलं नाही. प्रिया दुपारी दोनच्या सुमाराला गेली, मूल पोटातच राहिलं. ती बावीस वर्षांची होती.

महाराज दहाव्याला अंकुशच्या दारी आले आणि सर्वांदेखत म्हणाले, मायनं तर काटा उतरवून दिला होता, आरती कोणी सोडली? बस, तेवढं पुरलं. अंकुशनं सासूशी बोलणं टाकलं आणि प्रायश्चित्त म्हणून माथ्यावर जाऊन राहिला. दिवसभर गाड्या थांबवायचा आणि प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचा, आरती अर्धी सोडू नका, म्या सोडली, माही बायको गेली. त्याचं ऐकून ओट्या दुपटीनं खपू लागल्या. माणसाचं दुःख असं दुकानाच्या पाटीवर टांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

जून लागला तेव्हा सुकरीबाई माझ्याकडे आल्या. जाम झालेली पिकअप माझ्याच अंगणात ओढून आणलेली होती. त्या तिच्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्रीभाऊ, माह्या पोरीले मायनं नेलं का गाडीनं नेलं? मले खरं सांग. जावई म्हणते म्या नेलं."

मी त्यांच्यासमोर इंजिन उघडलं. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, वाकलं होतं, पिस्टन चिकटले होते, पाण्याच्या वाटा कोरड्या ठाक होत्या. रेडिएटर कापला तर त्याच्या नळ्या पांढऱ्या खरीनं बुजलेल्या. बोअरचं क्षाराचं पाणी उकळून उकळून तसंच होतं, चुलीवरच्या हंड्याला होतं तसं. मी एकेक गोष्ट दाखवत गेलो आणि सुकरीबाई एकेक गोष्ट हात लावून पाहत गेल्या. शेवटी त्यांनी काट्याचं विचारलं. इंजिन जळत होतं तर काटा खाली कसा? ते तिथं सांगून भागणार नव्हतं. ते अंकुशला दिसायला हवं होतं.

पुढच्या सोमवारी माथ्यावर गर्दी होती तेव्हा आम्ही दोघं माझी जुनी गाडी घेऊन गेलो. ओटी नाही, कूलंट भरलेलं. पूर्ण घाट काटा मधोमध राहिला. मंदिरासमोर मी बॉनेट उघडलं, स्टोव्ह पेटवला आणि पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. खिशातून पितळेचा बोटाएवढा सेन्सर काढला. हा इंजिनाच्या पाण्यात बसवलेला असतो आणि पाणी किती तापलं ते काट्याला कळवतो. त्याला गाडीची वायर जोडली आणि गर्दीतल्या एका म्हाताऱ्याला डॅशबोर्डापाशी बसवून काटा मोठ्यानं सांगायला लावलं.

सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवला. "चढून राह्यला," म्हातारा म्हणाला. "लालजवळ गेला." मग मी सेन्सर नुसता वर उचलून हवेत धरला. थोड्या वेळानं म्हातारा म्हणाला, "उतरला. पुरा खाली गेला."

पातेल्यातलं पाणी खदखदतच होतं. मी लोकांना पुढे येऊन पाहायला सांगितलं. गाडी उकळली की पाणी वाफ होऊन बाहेर जातं, उरलेलं खाली बसतं आणि सेन्सर उघडा पडतो. उघडा पडला की तो पाण्याची खबर देऊच शकत नाही. काटा उतरला याचा अर्थ गाडी थंड झाली असा नाही, आत मोजायला पाणीच उरलं नाही असा आहे. आणि मंदिर माथ्यावरच का? पुढे नऊ किलोमीटर उतार आहे म्हणून. उतारावर इंजिनाला जोर पडत नाही, गाडी कशीबशी गावात पोचते, नंतर मोडली की दोष कंपनीचा. ज्यांच्या नशिबी पुढे दुसरा चढ, ते मेले.

महाराज हसले. मिस्त्रीचं पोट पार्टावर चालते, त्याले माय कशी दिसन, असं म्हणून त्यांनी शंख मागवला. लोक पुन्हा महाराजांकडे झुकू लागले होते. तेवढ्यात सुकरीबाई कुणाला न विचारता मंदिरामागे गेल्या. तिथं महाराजांची जीप उभी होती. रस्ताभर मी त्यांना कुठे काय असतं ते सांगितलं होतं. त्यांनी बॉनेट वर केलं आणि लोकांना हाक मारली. जीपच्या तोंडावर ओटी नव्हती. जाळी पुसून लख्ख केलेली होती. कूलंटची बाटली खुणेपर्यंत भरलेली होती, त्याच हिरव्या पाण्यानं, जे आम्हाला इख म्हणून सांगितलं होतं.

"तुमच्या गाडीले ताप येत नाई का, महाराज?" सुकरीबाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही. महाराज मंदिरात गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. पुढे कळलं की हा माणूस बारा वर्षं मालट्रकवर क्लीनर होता. काट्याची ही गोष्ट त्याला माझ्याइतकीच ठाऊक होती. आम्ही जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, पण आठवड्याच्या आत तो पसार झाला. कुठल्यातरी दुसऱ्या घाटावर असेल.

लोक पांगले तेव्हा अंकुश पातेल्यापाशी बसून होता. तो स्वतःच सेन्सर बुडवत होता आणि वर काढत होता.

"म्हंजे आरतीनं नाई झालं," तो म्हणाला.

"नाई."

"मंग तो कपडा मी फाडून फेकला असता, नाल्यापाशी थांबून इंजन थंड होऊ देल्लं असतं, पाणी भरलं असतं, तं?"

मला वाटलं, खोटं बोलावं. देवीच्या कोपातून सोडवलेल्या माणसाला त्याहून जड ओझं कशाला द्यायचं? पण खोट्यानंच इथवर आणलं होतं. "वाचली असती का, ते डाक्टरच सांगन," मी म्हणालो. "पण दवाखान्यात पोचली असती. आन् अंकुश, तो कपडा म्या माह्या डोळ्यानं पाह्यला होता. बोललो नाई."

त्यानं गुडघ्यांत तोंड घातलं. सुकरीबाई त्याच्याजवळ जाऊन बसल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "आता बोलत जा, भाऊ."

म्हणून बोलतो. डिझेल इंजिनाच्या पाण्याचं तापमान ऐंशी ते पंच्याण्णव अंश असलं की गाडीची तब्येत ठीक. शंभराच्या पुढे गेलं की जोर कमी करा. एकशे पाचाच्या वर किंवा काटा लाल पट्टीत, तर पुढचं वळण पाहू नका, गाडी बाजूला घ्या, बंद करा, अर्धा तास थंड होऊ द्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, तोंड भाजेल. थंड झाल्यावर पाणी पाहा आणि भरा. लाल झालेला काटा पाणी न भरता एकाएकी तळाला गेला तर नारळ फोडू नका, गाडी तिथंच ठेवा. पंप वाढवला असेल तर रेडिएटरही मोठा करून घ्या, नाहीतर वाढवू नका. गाडीच्या तोंडाला वारा लागू द्या. हे सगळं कुठल्याही मिस्त्रीला ठाऊक असतं.

आणि तुम्हाला एखादी गोष्ट ठाऊक असेल, समोर कुणी उलटं सांगत असेल, तर गिऱ्हाईक जाईल, ओळख तुटेल, गाव नाव ठेवील, तरी तोंड उघडा. शीतलनाथ खोटं बोलला. मी खरं जाणत होतो आणि ऑइल बदलून गप्प बसलो. प्रियाच्या गाडीचं तोंड आम्ही दोघांनी मिळून बांधलं होतं.