सरकीच्या तेलाचा दोष

सासूबाई गोजराबाई जाऊन आठ महिने झाले, तेव्हा कुठे सुचिताच्या लक्षात आलं की सासरे नीट जेवतच नाहीत. कमळाकर जुईनगरचेच मूळचे आगरी. तळलेल्या बोंबलांशिवाय त्यांचा रविवार साजरा व्हायचा नाही. आता ते भातावर मीठ घालून चार घास खायचे नि उठायचे.

सुचिता पावणे एमआयडीसीतल्या अन्नपदार्थ तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला होती. एका सकाळी ती चपला घालत असताना कमळाकरांनी तिच्या हातात बाटली दिली.

"सूनबाय, ह्या जरा तपास. सरकीचा तेल हाय."

"कशाला, बाबा?"

सोसायटीच्या हॉलमध्ये क्षिप्रा नावाच्या बाईंचं भाषण झालं होतं. बीटी, म्हणजे जनुकं बदललेल्या, कपाशीच्या सरकीचं तेल आपल्या पोटात जातं आणि डब्यावर तसं लिहिलेलं नसतं, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यानंतर त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरला, की याच तेलानं कॅन्सर होतो.

"गोजरेला पोटाचाच झाला ना," कमळाकर खाली बघत म्हणाले. "धा वर्सं यो तेल मीच आनला. ती सांगायची, शेंगदान्याचा आना. मी ऐकला नाय. मना मासळी कुरकुरीत पायजे व्हती."

 सुचिता बाटली घेऊन निघाली.

लॅबमधले सीनियर बाबासो साताऱ्याकडचे. सगळं ऐकून म्हणाले, "रिफाइंड तेलात डीएनए जवळजवळ उरतच न्हाई. आन् सापडला तरी तुझ्या सासूचं दुखणं कशानं आलं, ते त्यातनं कळायचं न्हाई."

"मग 'काही सापडलं नाही' एवढंच सांगू का? जेवतील तरी."

"सांग की. पन उद्या त्यास्नी खरं कळलं, तर तुझ्यावर इश्वास ठेवतील का?"

संध्याकाळी ती सासऱ्यांजवळ बसली. ही बाटली तपासून उत्तर मिळणार नाही, हे तिनं सांगून टाकलं. "बाबा, जनुकं बदललेल्या पिकांचं अन्न लोक कित्येक वर्षं खातायत. मंजूर झालेल्या पिकांनी कॅन्सर होतो, असं आजवरच्या अभ्यासात दिसलेलं नाही. तपासण्या पुरेशा होतात का, यावर अजून वाद आहे. पण आईंना कशानं झाला, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही."

 कमळाकर म्हणाले, "मना त्या बाईला इचारायचाय."

पुढच्या रविवारी क्षिप्रा पुन्हा आल्या. भाषण संपल्यावर कमळाकर उठले. "बाय, माजी बायको गेली कॅन्सरनं. तेल मी आनायचो. मी मारला का तिला?"

 क्षिप्रा स्टेजवरून उतरून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"नाही हो काका. तसा पुरावा माझ्याकडे नाही. तो मेसेज मी लिहिला नव्हता." त्या थांबल्या. "पण मी तो वाचला होता. खोटा आहे, हे लिहायला हवं होतं. त्या मेसेजमुळे लोक निदान ऐकायला तरी येतील, असं वाटलं नि गप्प बसले. माझं चुकलं. सरकारकडच्या या अर्जात माझं म्हणणं एवढंच, की डब्यावर लिहा, आणि तपासणी कंपनीच्या हाती सोडू नका."

"ह्या बरोबर हाय तुमचा," कमळाकर म्हणाले. "मी सही देतो. पर आदी त्यो मेसेज खोटा हाय म्हनून लिवा. माज्यावानी आजून कोन आसंल घरात बसून."

क्षिप्रांनी तिथंच, त्यांच्यासमोर, ग्रुपवर लिहिलं. कमळाकरांनी ते दोनदा वाचलं, मग चष्मा सावरून अर्जावर सही केली.

जिन्यात ते अचानक पायरीवर बसले आणि हुंदके देऊन रडू लागले. गोजराबाईंच्या दहाव्यालासुद्धा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

"इतके दिवस रडायला पन लाज वाटायची गो," ते म्हणाले. "वाटायचा, मीच मारला, आता रडू कुठल्या तोंडानं?"

सुचिता त्यांच्या खालच्या पायरीवर बसली. वर जाणारी माणसं बाजूनं वाट काढत होती. तिनं त्यांना उठवायची घाई केली नाही.