आतल्या बाजूचं वेल्डिंग

खंडेनवमीला भर दुपारी सयाजी स्वतःच्याच हातानं केलेल्या पिंजऱ्यात अडकला. कसा म्हणाल, तर अतिशहाणपणानं!

चिंचोळी एमआयडीसीजवळ त्याचं फॅब्रिकेशनचं शेड. जन्मभर खिडक्यांच्या जाळ्या आणि गेटं केलेली. यंदा एका हॉटेलानं शोभेला ठेवायला पुरुषभर उंचीचं, पिंजऱ्यासारखं गोट्यांचं यंत्र मागितलं. मोटरीवरची साखळी स्टीलच्या गोट्या वर नेणार आणि त्या सळयांच्या रुळांवरून गिरक्या घेत खाली येणार. गडी जेवणखाण विसरला. कुणाला अडवायला नाही, नुसतं बघायला म्हणून काहीतरी तो पहिल्यांदाच घडवत होता.

जाळीचं वेल्डिंग आतल्या बाजूनं मारायचं, म्हणजे दर्शनी बाजू साफ राहते, ही त्याची जुनी सवय. म्हणून पठ्ठ्या आत बसला आणि शेवटचा मोठा वळसाही आतूनच जोडला. बायको विजयमाला पूजेसाठी खोळंबली होती. त्यानं वेल्डिंगचा होल्डर, सळई कापायचा ग्राइंडर सगळं फटीतून तिच्या हाती दिलं. तिनं हत्यारं मांडून हळदकुंकू, झेंडू वाहिला. पूजेतलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही, हा घरचा नेम.

मग सयाजी उठला. डोकं काढलं तर खांदा अडे, पाय काढला तर कंबर.

"अगं, मी निघू कुटनं?"

विजयमाला पोट धरून हसली. "अवो, शिरताना काय डोळं मिटलं हुतं व्हय? उद्या कापा की एक सळई. मग पुन्हा जोडा."

"जोडलं की गाठ येती. गोटी तितं उडती. सगळी चाल जाती की."

"मग?"

"मग काय! बसतो."

बसला खरा, पण वर पत्रा तापला. गुडघे आखडले, घामानं डोळे चुरचुरले. जिकडं बघावं तिकडं त्याचीच सळई. एकाएकी त्याची छाती दडपली. मेलो, आता इथंच मेलो, असं वाटून तो ओरडला, "विजे, काढ मला!"

तो आवाज ऐकून तिचं काळीज हललं. तिनं देवाला हात जोडले, पूजेतला ग्राइंडर उचलला आणि पिन लावून फटीतून आत दिला. "देवाचं मी बगते. कापा तुमी."

सयाजीनं चकती वळशाला टेकवली. हात थांबला. "कापायच्या आदी एकदा बगू दे. मोटर लाव."

गोट्या वर चढल्या, सुटल्या. त्याच्या कानाजवळून, पाठीमागून, छातीपुढून घरंगळत गेल्या. नव्या वळशावर एकही अडखळली नाही. सयाजीला रडू फुटलं.

"झालं का बगून?" विजयमाला म्हणाली. "कापा आता."

त्यानं ग्राइंडर बाहेर ठेवला.

"अवो, सकाळी हाटेलवाल्याचा टेम्पो येतोय. काय सांगू त्यास्नी?"

"सांग," गोट्यांवरून डोळे न हलवता सयाजी म्हणाला, "जपून उचला म्हनावं."