मधली जागा

मी सोफा बोलतोय. हो, तोच, पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या प्लॉटवर पडलेला. नाक मुरडू नका. एके काळी मी डॉक्टरांच्या दिवाणखान्यात मिरवत होतो! सुतारानं मला सागवानात घडवलं, वर मखमल चढवली. मग मखमल फाटली, नवा सोफा आला आणि हमालांनी मला इथे आणून टाकलं. आता संपलंच आपलं, असं वाटलं.

पण दुसऱ्याच दिवशी चौघं आली. लंबू, चष्मिश, गोट्या आणि प्लंबरची लेक, जिला सगळे बॉस म्हणतात. कॉलेज संपलेलं, नोकरीचा पत्ता नाही, घरी बसलं की बोलणी. म्हणून दिवसभर माझ्यावर ठाण मांडायचं आणि गप्पा छाटायच्या. मला कपाळ असतं तर हातच मारून घेतला असता.

मग त्यांची रीत पाहिली आणि थक्क झालो. इंटरव्ह्यूत ज्याला नकार मिळेल त्यानं मधे बसायचं. माझ्या स्प्रिंगा तिथेच काय त्या शाबूत आहेत. बाकीच्यांनी दोन्हीकडून खेटून बसायचं, पण "काय झालं?" असं चुकूनही विचारायचं नाही. डॉक्टरांकडे मोठमोठी माणसं यायची, पण एवढी समज मी कुणात पाहिली नाही, शप्पथ!

परवा दुपारी गोट्या आला आणि थेट मधे बसला. झालं! लंबूनं त्याच्या गळ्यात हात टाकला. चष्मिशनं बिस्किटांचा अख्खा पुडा पुढे केला. बॉसनं वडिलांच्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवल्या. गोट्याला बोलायला कुणी वावच देईना.

शेवटी तो ओरडला, "अरे, मिळाली नोकरी! परगावी आहे. संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"मग मधे कशाला बसलास, गाढवा?" बॉस म्हणाली.

"मला नाही जायचं. तिथे माझं कोण आहे?"

त्याच नोकरीसाठी बॉसचाही इंटरव्ह्यू झाला होता. सगळ्यांना ते ठाऊक होतं. तिनं त्याला दंडाला धरून उठवलं. "लाव फोन, आमच्यासमोर. नाहीतर उद्यापासून इथे पाय ठेवायचा नाही."

गोट्यानं फोन लावला. "येतो," एवढंच म्हणाला. आणि काय सांगू तुम्हाला! ज्यांच्या हाती काहीच लागलं नव्हतं ती तिघं माझ्यावर चढून नाचली. सगळ्यात उंच उडी बॉसची. माझा एक पाय मोडला. मोडू दे! असा आनंद मी जन्मात पाहिला नव्हता.

काल गोट्या गेला. आज तिघं आली, आणि तिघंही दाटीवाटीनं मधेच बसली. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

तुम्ही कधी इकडून गेलात, तर तुम्हीही विचारू नका.