आज गावात आजारी : शून्य

माझं अक्षर चांगलं आहे, हेच माझं दुर्दैव. छत्तीस वर्षं शाळेत फळे लिहिले आणि निवृत्त झाल्यावर गावाने माझ्या हातात पुन्हा खडू दिला. आमच्या पारनेर तालुक्यात भिंतीवर पाण्याचा ताळेबंद लिहायची रीत आहे. किती पाऊस पडला, किती मुरला, किती उरला. त्याच धर्तीवर मी मारुतीच्या पारावर आजारपणाचा ताळेबंद मांडला. रोज सकाळी सातला लिहायचो, आज गावात आजारी : शून्य.

झालं होतं असं, की जिल्ह्यात निरोगी गावाची स्पर्धा निघाली होती. आरोग्य उपकेंद्राच्या रजिस्टरात वर्षभरात पेशंट जितके कमी, तितके गुण जास्त. हा नियम ज्याने काढला त्याला माझा कोपरापासून नमस्कार, पण त्याला बोल लावून माझी सुटका होत नाही. बक्षीस दिसलं की आमच्या गावाला चेव चढतो. स्वच्छतेचं आणि पाणलोटाचं बक्षीस आधीच पदरात होतं. सरपंच आबासाहेबांनी पारावर बैठक घेतली, मला स्पर्धा समितीचा अध्यक्ष केलं, आणि माझ्याच तोंडून ठरलं की वर्षभर कुणी उपकेंद्रात नाव घालायचं नाही. ताप येवो, जुलाब होवोत, गुमान पारनेरला खाजगी दवाखान्यात जायचं. लोकांनी नारळ फोडून होकार दिला.

उपकेंद्रात मरिया सिस्टर चौदा वर्षं होत्या. दीड वर्षापूर्वी त्यांच्या जोडीला दिशा मॅडम नावाच्या डॉक्टर आल्या होत्या, कंत्राटावर, पण हाताला गुण असलेल्या. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी सिस्टर माझ्या घरी आल्या. चहाला नको म्हणाल्या.

"गुरुजी, औषधं येतात ती रजिस्टर बघून येतात. डॉक्टरसुद्धा रजिस्टर बघूनच ठेवतात. आपण शून्य लिहिलं तर तेही शून्यच पाठवतील."

मी म्हणालो, सिस्टर, झाकली मूठ सव्वा लाखाची. एका वर्षाचा तर प्रश्न आहे. त्यांनी वाद घातला नाही. मला त्या वेळी वाटलं, बाईंना पटलं.

रजिस्टरातलं पहिलं नाव मी कमी केलं ते माझ्या थोरल्या बहिणीचं. कडूबाई तिचं नाव, आम्ही आक्का म्हणतो. ऐन तिशीत कपाळ पांढरं झालं तेव्हा माहेरी आली, आणि रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून तिने मला डीएड केलं. आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहते. तिला बीपीचा त्रास. दर महिन्याला उपकेंद्रात जाऊन गोळ्या आणायची, दिशा मॅडमशी दोन गोष्टी बोलून यायची. गुरुजींची बहीणच रजिस्टरात दिसली तर गाव माझं कशाला ऐकेल? मी तिला म्हणालो, आक्का, तू जाऊ नकोस, तुझ्या गोळ्या मी पारनेरहून आणीन. ती बरं म्हणाली. माझ्या शब्दाला ती आजवर कधी नाही म्हणालेली नाही.

नऊ महिने आणल्याही. मग तपासणी समिती यायचे दिवस जवळ आले आणि माझ्या अंगात वारं शिरलं. भिंती रंगवणं, घोषवाक्यं, पोरांची प्रभातफेरी. दोन महिन्यांत मी चार वेळा पारनेरला गेलो, रंगासाठी, फ्लेक्ससाठी, शाली-श्रीफळासाठी. गोळ्या चारही वेळा राहिल्या, आणि पुढेही राहूनच गेल्या. आक्काने एकदाही आठवण केली नाही. मला आपलं वाटलं, असतील अजून शिल्लक.

पहिलं बक्षीस आम्हालाच मिळालं. गुलाल उधळला, ढाल पालखीत ठेवून मिरवली. माझ्या गळ्यात इतके हार पडले की मला समोरचं दिसेना. मार्चची गोष्ट. एप्रिलमध्ये पत्र आलं. कंत्राटी डॉक्टर आता पेशंटच्या संख्येवर ठेवायचे, म्हणून दिशा मॅडमची जागा राजूरच्या पलीकडे एका डोंगरातल्या गावाला दिली होती. तिथे म्हणे दिवसाला साठ-साठ पेशंट. आमची औषधंही निम्म्याहून कमी केली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तरी मी पारावर मिशीला पीळ देत म्हणालो, निरोगी गावाला डॉक्टर कशाला लागतो? लोक हसले. मीही हसलो.

मेमध्ये आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, ती बसल्या जागी कलंडली. तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबायला लागला. मरिया सिस्टर धावत आल्या, बीपी बघितलं, आणि माझ्याकडे न बघता रुग्णवाहिकेला फोन लावला. नगरला पोचायला अडीच तास लागले. उजवी बाजू गेली ती गेलीच. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी नेमाने चालू होती का? मी छातीठोक सांगितलं, होती.

तिचं आधार कार्ड न्यायला मी घरी आलो आणि तिची पत्र्याची पेटी उघडली. कार्डाखाली कागदाची पुडी होती. तिच्यात गोळ्यांचे तुकडे होते, काही अर्धे, काही पाव. मी आणीन तोवर पुरवायच्या म्हणून ती गोळी मोडून मोडून खात होती. भाऊ गावाच्या कामात आहे, त्याला कशाला त्रास द्यायचा, एवढाच तिचा विचार. मी पेटीपाशी बसून ओक्साबोक्शी रडलो. माझ्या इतक्या वर्षांच्या गुरुजीपणाची मला किळस आली.

मग बैल गेला आणि झोपा केला. मी जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. साहेब भला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की कागदावर तुमच्या गावात आजारीच नाहीत, मग मी डॉक्टर मागू कुणासाठी? मागच्या वर्षीचे आकडे खोटे होते असा ठराव ग्रामसभेने लेखी दिला, तर बक्षीस परत जाईल, पण महिनाअखेरच्या यादीत तुमची जागा पुन्हा घालता येईल. ठराव नाही आला तर डॉक्टर विसरा. ग्रामसभा सोमवारी होती. मी ठराव लिहून काढला, माझ्या चांगल्या अक्षरात.

आक्काला दवाखान्यातून घरी आणलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी तिच्याजवळ बसलो आणि तिला सगळं सांगितलं. पुडी सापडल्याचं सांगितलं. उद्या सभेत उभा राहून माझी चूक कबूल करणार, म्हणालो. तिची जीभ जड झाली होती, शब्द ओढून ओढून येत होते.

"वाल्मिक, गोळ्यांचं नगं सांगू. लोक तुला नावं ठेवतील. म्हन, म्हातारीच इसरायची."

मी म्हणालो, असं कसं म्हणू? तिने डोळे मिटून घेतले.

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. सत्तर-ऐंशी माणूस असेल. मरिया सिस्टर दाराशी उभ्या होत्या. ठरावाचं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. मी उठलो, खिशातला कागद चाचपला. तेवढ्यात आबासाहेबांनी, काही वाकडं मनात नसताना, मायेने विचारलं, "गुरुजी, आक्का कशी हाय? गोळ्या चालू हुत्या ना तिच्या?"

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. पुढच्या रांगेत माझेच विद्यार्थी होते, आता पोराबाळांचे बाप झालेले. 'नव्हत्या, माझ्यामुळे नव्हत्या,' एवढंच म्हणायचं होतं. पुढचं सगळं त्यातूनच आलं असतं.

"चालू होत्या," मी म्हणालो. "ती विसरायची."

माणसं हळहळली. म्हातारपण वाईट, कुणीतरी म्हणालं. मग मला कागद काढता येईना. माझ्या घरात सगळं ठीक होतं म्हटल्यावर चुकीच्या कबुलीचा ठराव मांडायचा कोणत्या तोंडाने? मी दोन शब्द आभाराचे बोललो आणि खाली बसलो. सिस्टर केव्हा निघून गेल्या ते मला दिसलं नाही. महिनाअखेर यादी लागली, तिच्यात आमचं गाव नव्हतं.

सभेवरून घरी आलो तेव्हा आक्का जागीच होती. तिने विचारलं, सांगितलं का मी म्हणाले तसं? मी मान हलवली.

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि धड असलेल्या डाव्या हाताने माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.