हवा आत जाईना

मी एक जुनी अंबू बॅग आहे. रुग्णवाहिकेत तोंडाला मास्क लावलेली फुगीर पिशवी असते ना, तीच मी. ज्याचा श्वास थांबलाय त्याच्या नाकातोंडावर मास्क घट्ट धरायचा, मला हळूच दाबायचं, की माझ्या पोटातली हवा त्याच्या छातीत जाते. एवढंच माझं काम. पण मित्रांनो, ते चुकलं तर माणूस हातचा जातो.

कारखान्यातून मी थेट तोयामा या जपानी शहरातल्या एका अग्निशमन केंद्राच्या रुग्णवाहिकेत आले. तिथल्या पथकप्रमुख नागुमोबाई रोज सकाळी माझ्या तोंडावर तळहात दाबून मला तपासायच्या. "कुठं हवा सुटत नाही ना गं?" असं मलाच विचारायच्या. बाकीचे हसायचे. मला मात्र त्यांच्या हाताचा फार अभिमान वाटायचा.

एका नववर्षाच्या सकाळी बर्फातून आम्ही कियोझुमी आजोबांच्या घरी पोहोचलो. आजोबा जेवणाच्या मेजापाशी कोसळले होते. नाडी लागत नव्हती. चालक त्सुकुदाने छाती दाबायला घेतली आणि तरुण इसुरुगीने मला हातात घेतलं.

"आजी, काही खात होते का?" नागुमोबाईंनी विचारलं.

आजोबांच्या बायको, तेरुए आजींनी मागे उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. "नुसतं सूप घेत होते हो. बाकी काही नाही."

इसुरुगीने मला दाबलं. हवा आत जाईना. त्याने आजोबांची मान मागे केली, मास्क नीट बसवला, पुन्हा दाबलं. छाती तसूभरही वर आली नाही. माझी हवा माझ्याच पोटात कोंडून राहिली. इतकी वर्षं राबून मी त्या दिवशी कुचकामाची ठरत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

"बाई, श्वासाची नळी घालतो," इसुरुगी म्हणाला. "फोनवर डॉक्टरांनी परवानगी दिलीय."

"थांब जरा." नागुमोबाईंनी मला स्वतः दाबून पाहिलं आणि त्या आजींजवळ गुडघ्यांवर बसल्या. "आजी, तुम्हाला कुणी बोलणार नाही. वाटीत काय होतं?"

आजी लेकीकडे न बघता म्हणाल्या, "मोची घातली होती. कुटलेल्या भाताचा चिकट, एवढासाच गोळा. त्याशिवाय नवं वर्ष लागल्यासारखं वाटत नाही म्हणाले. घशात अडकेल म्हणून हिने बंदी केलीय ना, म्हणून ही उठून गेल्यावर वाढला."

"आई, अगं..." लेक म्हणाली.

नळी तशीच घातली असती तर तो चिकट गोळा आणखी खाली ढकलला गेला असता. इसुरुगीने घशात उजेड पाडला, लांब चिमटा घातला आणि पांढरा गोळा ओढून काढला. मग मला दाबलं. छाती वर आली. मित्रांनो, तो क्षण मी विसरू शकत नाही. गाडी इस्पितळाच्या दारात पोहोचता पोहोचता नाडी लागली.

पण आजोबांनी डोळे उघडले नाहीत. दिवस-दोन दिवस लेक त्यांचा हात धरून बसली आणि मग ते गेले.

बर्फ वितळू लागल्यावर तेरुए आजी आभार मानायला केंद्रात आल्या. निघताना हळूच म्हणाल्या, "मी दारातच खरं सांगितलं असतं, तर?"

नागुमोबाईंना खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि आजी दिसेनाशा होईपर्यंत मान वर केली नाही.

आता गाडीत एकदा वापरून टाकायच्या पिशव्या आल्या आहेत. मला तुमच्या शाळेत सरावासाठी ठेवलंय. तुम्ही मला हवं तसं पिळता, फेकता, त्याचा मला राग नाही. मला हळू दाबायला शिका, वापरल्यावर धुऊन ठेवा. आणि घरी कुणी कोसळलं, दारात आलेल्या माणसाने काय खाल्लं म्हणून विचारलं, तर कुणाच्या रागाला भिऊ नका. घशात काहीतरी अडकलंय एवढं मला कळतं, पण काय ते सांगता येत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल.