बिनदेवाच्या मिरवणुकीतला फेटा

मित्रांनो, केशरी रंग विटलेला, एका टोकाला हळदीचा डाग आणि अंगभर घड्यांच्या खुणा, असा मी एक जुना फेटा आहे. सोलापूरला मागावर विणला गेलो. गुरुनाथकाकांच्या लग्नात त्यांच्या डोक्यावर बसलो, तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, "नवरदेवापेक्षा फेटाच देखणा!" पुढे काका फेटे बांधण्यात वाकबगार झाले. मग ते लेकीकडे अमेरिकेत, एडिसनला राहायला आले आणि मी कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला पडलो. सात वर्षं कोणी विचारलं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

गेल्या नोव्हेंबरात त्यांच्या मुलाचा, सौमित्रचा फोन आला. "बाबा, पाम स्प्रिंग्जला आमची मिरवणूक आहे. याल? फेटा आणा. तुमच्याच हातचा हवा." काकांना वाटलं, महाराष्ट्र मंडळाची दिवाळीची मिरवणूक असेल. मलाही तेच वाटलं. आम्ही दोघं खुशीत विमानात बसलो.

वाळवंटातलं ते सुट्टीला येणाऱ्यांचं गाव. रस्त्याच्या दुतर्फा इंद्रधनुष्याच्या रंगांच्या पट्ट्यांचे झेंडे, दाढीवाले घागरा घालून नाचताहेत, आजीबाई मोटारसायकलवर! मी आधी देव शोधला, मग नवरदेव शोधला. दोघंही दिसेनात. माझं डोकंच चालेना, आणि डोकं सांभाळणं हेच तर माझं काम.

"सौमित्र, पालखीत आहे कोण?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा. आम्हीच आहोत." त्याने शेजारी उभ्या असलेल्या ईशानचा हात धरला. "चार वर्षं आम्ही एकत्र आहोत. कपल म्हणून. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. सॉरी."

काका आजवर ईशानला रूममेट समजत होते. ते मला पिशवीत कोंबून कडेच्या बाकावर जाऊन बसले. रागावलेत की घाबरलेत, मला पिशवीतून कळेना.

शेवटी सौमित्र जवळ आला. "राहू दे, बाबा. मीच ट्राय करतो." मोबाइलवर व्हिडिओ लावून तो मला पिशवीतून काढून स्वतःच्या डोक्याला गुंडाळू लागला. दोनदा मी सुटलो, तिसऱ्यांदा त्याच्या नाकावर आलो. तेवढ्यात त्यांच्या ग्रुपचं नाव पुकारलं. त्याचे डोळे भरून आले. "जाऊ दे. असाच जातो."

"असाच कसा जाशील? पीळ कुठे दिलास त्याला?" काका उठले. "बस खाली."

पहिला वेढा सैल पडला, तो सोडून त्यांनी पुन्हा घातला. "मला यातलं काही समजत नाही, बाळा," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, काका, मला तरी कुठे समजतंय! मग त्यांनी मागे वळून पाहिलं.

"ईशान, तू लांब काय उभा? टोक धर, ताणून. आणि नीट बघून ठेव. पुढच्या वेळी तुला बांधायचाय."

"हो, काका," ईशान म्हणाला आणि त्याने मला दोन्ही मुठींत घट्ट धरलं.

मित्रांनो, ती मिरवणूक नक्की कोणाची होती, हे मला अजून उमगलेलं नाही. तुम्हाला एकच विनंती. घरातले जुने फेटे कपाटात कोंडू नका, त्यांना माणसांत न्या. आणि मला कधी धुवायला काढलंत, तर टोकाकडे जरा जपून. हळदीच्या डागाशेजारी ईशानच्या घामाचा डाग पडला आहे. तो राहू द्या.