प्रोफेसर बाल्ताझारचं एकोणीस वर्षांचं लिव्हर

शनिवारच्या बाजारात माणसं बरण्या घेऊन यायला लागली, तेव्हाच मी ओळखलं की आमच्या पेश्रोल गावाचं डोकं फिरलंय. जॅमच्या बरण्या, मोहरीच्या बरण्या, काकडीच्या लोणच्याच्या बरण्या. आत पाण्यावर तरंगणारे हिरवे गोळे. कुणाचे वाटाण्याएवढे, कुणाचे ऑलिव्हएवढे. बेकरीवाल्या ओग्यूस्तचा एक तर सगळ्यांत दांडगा होता. तो काढून त्यानं थेट माझ्या दुकानात अक्रोडांच्या ढिगाशेजारी ठेवला.

"मोरिसेत, बघ तरी! तुझ्या अक्रोडाला मागे टाकलं की नाही?"

"आधी उचल तो! गिऱ्हाईक विकत घेऊन जाईल!"

हे गोळे लोकांच्या पोटातून बाहेर पडलेले होते, आणि त्यांचा त्यांना विलक्षण अभिमान होता.

करामत होती प्रोफेसर बाल्ताझारची. कारंज्याजवळ, माझ्या दुकानाला लागूनच त्याचा तंबू. अंगात पांढरा कोट, हातात साखळीला बांधलेला चांदीचा लंबक. म्हाताऱ्या माणसाला खाटेवर झोपवायचं, उजव्या बरगडीखाली लंबक धरायचा आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, "वय काय म्हणालात?"

"अठ्ठ्याहत्तर."

लंबक गरगरायचा. प्रोफेसर डोळे मिटायचा. "शरीर अठ्ठ्याहत्तर. पण लिव्हर... अरेरे! लिव्हर एकशे चार!"

तंबूबाहेरच्या गर्दीतून "अगं बाई!" उठायचं.

"घाबरू नका! लिव्हर म्हातारं होत नसतं, ते तुंबतं! चाळीस वर्षांचा गाळ खडे होऊन बसलाय. माझं बघा. केस पिकले, पण लिव्हर एकोणीस वर्षांचं! ते आजही मुलींकडे बघून शीळ घालतं!"

मग तो एक बाटली द्यायचा. ऑलिव्हचं तेल, लिंबाचा रस आणि कसलंसं कडू मीठ. ती पिऊन रात्र काढायची. दुसऱ्या दिवशी हिरवे खडे पडायचे. पुढच्या शनिवारी लंबक सांगायचा, "बत्तीस!" आणि टाळ्या.

आमचा मुलूख बदकांचा. बदकाला मका चारून चारून त्याचं लिव्हर फुगवायचं आणि ते विकायचं, हाच इथला धंदा. बिघडलेलं लिव्हर कसं दिसतं ते इथं प्रत्येकानं पाहिलेलं. त्यामुळे भीती घालायला प्रोफेसरला फार कष्ट पडले नाहीत.

गावात एकच धुमाकूळ. कॅफेत म्हातारे एकमेकांना लिव्हरच्या वाढदिवसाची दारू पाजू लागले. सेलेस्तॅं नावाच्या विधुरानं हॉर्तांसबाईंना लग्नाचं विचारलं, तर एक्याऐंशीच्या हॉर्तांसबाई म्हणाल्या, "तुमचं लिव्हर सेहेचाळीसचं. माझं अठ्ठावीस. लोक काय म्हणतील?"

मी हसत होते. हसणं थांबलं ते फिर्मँदाजींमुळे.

फिर्मँ म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, इव्हेतताईचे यजमान. बदकं पाळतात. स्वभावानं भले, पण वय काढलेलं खपत नाही. हिवाळ्यात आमच्या डॉक्टरीणबाईंनी, सोलांज व्हेर्न्यो यांनी, त्यांची झोपेची गोळी अर्धी केली होती.

"वय वाढलं की लिव्हर आकारानं लहान होतं, त्यातून रक्त कमी खेळतं," त्या म्हणाल्या होत्या. "जी गोळी पूर्वी सकाळपर्यंत शरीरातून निघून जायची, ती आता रेंगाळते. वर दुसरी घेतली की साठत जाते. दारूचंही तसंच."

दाजींना तो अपमान वाटला होता. आता बाटली पिऊन झाल्यावर लंबकानं त्यांना बत्तीसचं ठरवलं.

"बत्तीस वर्षांच्या गड्याला अर्धी गोळी?" ते ताईला म्हणाले. "उद्या दुधाची बाटली द्याल मला!"

त्यांनी पूर्वीसारख्या पूर्ण गोळ्या सुरू केल्या. त्यावर घरच्या आलुबुखाराची कडक दारू, लष्करात असताना घ्यायचे तशी.

त्या आठवड्यात एका सकाळी ताईचा फोन आला. मागे बदकांचा नुसता कल्लोळ. "मोरिसेत, बदकांना अजून दाणा नाही. हे उठत नाहीयेत गं. मी हलवलं, ओरडले, पाणी मारलं..."

मी पोचले तेव्हा दाजींचे ओठ निळसर झाले होते आणि श्वास इतका सावकाश चालला होता की दोन श्वासांच्या मध्ये ताई माझा दंड आवळायची. डॉक्टरीणबाई आल्या, रुग्णवाहिका आली. इस्पितळात ताई दाजींचे बूट मांडीवर घेऊन बसून राहिली. ते का उचलून आणले, तिलाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दाजींनी डोळे नीट उघडले. म्हणाले, "बत्तीसचा असताना असं कधी झालं नव्हतं मला."

"अहो, बत्तीसचे असताना तुम्ही झोपेची गोळीच घेत नव्हता!" ताई म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला.

शनिवारी डॉक्टरीणबाई बाजारात आल्या. त्यांनी ताईकडून दाजींची बरणी मागून घेतली होती. धिरडीवाल्याच्या तापल्या तव्यावर त्यांनी दोन हिरवे खडे टाकले. चर्र झालं, खडे विरघळले आणि तव्यावर तेल पसरलं.

"माझा तवा!" धिरडीवाला ओरडला.

"पित्ताचे खडे असे वितळत नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि हात लावून बघा. काय वाटतं?"

ताईनं उरलेला खडा बोटांत चोळला. "हा तर साबण!"

"जवळपास साबणच. तुम्ही प्यायलेलं तेल आणि पोटातले क्षार मिळून आतड्यात हे गोळे बनतात. लिव्हरमधून काही आलेलं नाही. जे बाटलीतून आत गेलं, तेच रूप बदलून बाहेर पडलं."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. प्रोफेसरनं हात उंचावले. "उष्णतेनं रोग वितळला! ह्यात नवल ते काय?"

"बरं," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचं लिव्हर एकोणीस वर्षांचं. अगदी स्वच्छ. एकही खडा नाही."

"एकही नाही!"

"मग ही तुमचीच बाटली तुम्ही प्या. काही पडायला नको."

प्रोफेसरनं तंबूकडे पाऊल टाकलं. मग हॉर्तांसबाई म्हणाल्या, "प्या की! तुमचं तर शीळ घालतं ना?"

एवढ्या लोकांदेखत नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं बाटली रिकामी केली, ओठ पुसले, हसला आणि लगेच तंबू आवरायला लागला. पण बाजार उठेपर्यंत गाड्या निघत नाहीत, आणि त्याच्या गाडीपुढे दाजींच्या भावानं बदकांचे पिंजरे रचून ठेवले होते. लोकांनी प्रेमानं खुर्ची दिली. लिंडनच्या झाडाखाली प्रोफेसरला बसवलं. लसणाचं सूप देऊ केलं. सूप बघून त्याचा चेहरा बरणीतल्या खड्यांच्या रंगाचा झाला.

दुपार कलली आणि प्रोफेसर उठून पळाला.

नगरपालिकेचं शौचालय दुरुस्तीसाठी बंद होतं. बाजारापुरता एक संडास उभा केला होता, पाण्याऐवजी लाकडाचा भुसा टाकायचा, खाली बादली असलेला. संध्याकाळपर्यंत तो तिथंच ये-जा करत राहिला. बाहेर अख्खं पेश्रोल उभं. शेवटी ओग्यूस्त मागच्या दारानं बादली घेऊन आला.

"चाळणी हवी," तो म्हणाला.

"बेकरीची आणलीस तर घटस्फोट घेईन!" त्याची बायको किंचाळली.

चाळणीची गरज पडलीच नाही. भुशावरच पसरले होते. हिरवेगार, ढीगभर.

"सांगा आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षांच्या लिव्हरमध्ये हा गाळ कुठून आला?"

प्रोफेसर दाराची चौकट धरून उभा होता. "जो तेल पिईल त्याचे पडतात," तो पुटपुटला.

"आणि लंबक?"

"बोटं हलवतो मी. वय ऐकायचं आणि वर पंचवीसेक चढवायची. बाटलीनंतर हवी तेवढी उतरवायची."

कुणी त्याला मारलं नाही. लोक आपापल्या बरण्या पाठीमागे लपवण्यात गुंतले होते. पिंजरे हटवले गेले आणि त्याची गाडी गेली. सोमवारी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यापुढे रांग लागली. प्रत्येकाच्या हातात घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी. बाईंनी एकेक गोळी बघून कुणाची कमी केली, कुणाची बंद केली, कुणाची तशीच ठेवली.

तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे. लिव्हर आपल्याबरोबरच म्हातारं होतं. ते बिचारं गाजावाजा न करता काम करत असतं, फक्त पूर्वीपेक्षा सावकाश. ह्यात लाज कसली? वय खरं सांगा, काय पिता ते खरं सांगा, कुठली गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. आणि कुणी बाटलीतून तारुण्य विकायला आला तर भांडू नका, हात जोडू नका. त्याला एवढंच विचारा: आधी तुम्ही पिऊन दाखवाल का, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही इथंच थांबलो तर चालेल ना?